गरोदरपणात दाढ दुखली तर : 'डिलिव्हरीनंतर बघू' ऐकून परत येऊ नका

पाचवा महिना लागला त्याच आठवड्यात माझी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. रात्री अडीच वाजता मी फ्रीजमधली मटारची पिशवी गालाला लावून ओट्याला टेकून उभी होते. सकाळी उघडल्या उघडल्या डेंटिस्टकडे गेले. त्यांनी दाढेआधी पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी गायनॅकना विचारून या." गायनॅक म्हणाल्या, "दाताचं ते बघतील, त्यात मी काय सांगणार?" परत डेंटिस्ट : "मग डिलिव्हरीनंतरच बघू या." डिलिव्हरीला साडेचार महिने होते आणि मला त्या दिवशी भाताचा घाससुद्धा चावता येत नव्हता.

या टोलवाटोलवीत आठ दिवस गेले. शेवटी दुसऱ्या एका डेंटिस्टबाईंनी त्याच दाढेचं रूट कॅनाल केलं. भूल देऊन, एक्स-रे काढून, दोन बैठकांत. लेक आता दीड वर्षाची आहे आणि तिचे दात मला चावून दाखवायला पुरेसे आलेत. ते आठ दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जे लिहिलंय ते माझ्या दोन्ही डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलेलं आहे. तुमची शुगर, बीपी, थायरॉइड वेगळं असेल तर तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा.

१. काही दुखत नसतानाच एकदा दाखवून या

मूल हवं असा विचार चालू असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करतो त्याच सुमारास दातही दाखवून घ्यावेत. किडलेली दाढ, अर्धवट आलेली अक्कलदाढ, वर्षानुवर्षं साठलेलं कीटण, हे सगळं तेव्हाच निस्तरलं तर पुढे सोपं जातं. आणि दिवस राहिलेच असतील तर वाट कसली बघायची? पहिल्या तिमाहीतसुद्धा नुसती तपासणी करायला काहीच हरकत नाही.

क्लीनिंग केल्याने दात सैल होतात असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. कीटणाने हिरड्या आधीच मागे सरकवलेल्या असतात. कीटण निघालं की दातांमध्ये फट जाणवते, म्हणून तसं वाटतं. गरोदरपणात क्लीनिंग करता येतं, आणि हिरड्या सुजल्या असतील तर करायलाच हवं.

२. रक्त आलं म्हणून ब्रश सोडू नका

तिसऱ्या महिन्यात एकदा बेसिनमध्ये थुंकले तर फेस गुलाबी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी घाबरून चार दिवस नुसत्या बोटाने दात घासले, आणि रक्त वाढलं.

याचं कारण असं आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं वाढतात, हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि दातांवरच्या चिकट थराला हिरड्या नेहमीपेक्षा जास्त चिडून उत्तर देतात. साधारण दुसऱ्या महिन्यापासून हे सुरू होतं, आठव्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि बाळंतपणानंतर ओसरतं. गरोदर बायकांपैकी ६० ते ७५ टक्के जणींना हे होतं, म्हणजे तुम्ही एकट्या नाही. मूळ दोषी तो थर आहे. ब्रश बंद केला की थर वाढतो, थर वाढला की रक्त वाढतं. तेव्हा ब्रश मऊ घ्या, दाब कमी करा, पण दिवसातून दोनदा, दोन दोन मिनिटं, फ्लोराइडची टूथपेस्ट लावून घासा. रात्रीचं घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं. आपल्याकडे नेमकं तेच राहतं.

माझ्या जावेला सहाव्या महिन्यात दोन दातांच्या मध्ये हिरडीवर लालभडक, बोरासारखी गाठ आली होती. घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला. ती कॅन्सरची गाठ नसते. शंभरात पाचेक जणींना येते आणि बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप आक्रसते. फार रक्त येत असेल किंवा चावताना मध्ये येत असेल तरच काढतात. पण ती तीच आहे हे डेंटिस्टने बघून सांगायला हवं, शेजारच्या काकूंनी नाही.

दात किंचित हलल्यासारखे वाटले तर तेही कधी कधी संप्रेरकांमुळेच असतं. तरी दाखवा.

आता कॅल्शियमचं. माझी आई सांगते, "तुझ्या वेळी एक दाढ गेली, दादाच्या वेळी एक. बाळ कॅल्शियम ओढून घेतं ना." बाळाला कॅल्शियम लागतं हे खरं, पण ते आपल्या आहारातून येतं आणि कमी पडलं तर हाडांतून. दातांतून ते ओढलं जात नाही. आईच्या दाढा गेल्या त्या बहुधा तीन महिन्यांच्या उलट्या, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकणं आणि 'आता कुठे दवाखान्यात जायचं' यामुळे. गोळ्या दिल्यात तशा घ्या, पण त्यांनी दात किडायचे थांबतील असं समजू नका.

३. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका

हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. उलटी झाली की तोंड इतकं कसंनुसं होतं की हात आपोआप ब्रशकडे जातो. पण पोटातल्या आम्लाने दाताचं वरचं कवच त्या वेळी मऊ झालेलं असतं, आणि त्यावर ब्रश फिरवला की ते घासून निघतं. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू सर्वांत आधी झिजते. मग गार पाणी लागलं की कळ जाते.

त्याऐवजी कपभर पाण्यात एक छोटा चमचा खायचा सोडा विरघळवून खळखळून चूळ भरा आणि थुंकून टाका. सोड्याने आम्ल मारलं जातं. ऑफिसात, बसमध्ये सोडा कुठला? साध्या पाण्याची चूळही चालते. ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने. मी जुन्या औषधाच्या छोट्या बाटलीत सोडा भरून पर्समध्ये ठेवायचे. एकदा सिक्युरिटीवाल्याने बाटली उघडून वासही घेतला.

४. ब्रश तोंडात गेला की कोरड्या उलट्या येत असतील तर

यावर एकच एक उपाय नाही, जमेल ते करायचं. मला जमलेलं असं : लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश, पुदिन्याच्या झणझणीत पेस्टऐवजी सौम्य चवीची, मान खाली घालून घासणं आणि सकाळी उठल्या उठल्या न घासता खाणं झाल्यावर दहा-अकरा वाजता घासणं. सासूबाईंना पारोसं खाणं पटत नव्हतं, पण चूळ भरून खाते म्हटल्यावर त्यांनी चालवून घेतलं. एखाद्या दिवशी पेस्ट सहनच झाली नाही तर नुसत्या ओल्या ब्रशने घासा. माउथवॉश वापरायचा तर अल्कोहोल नसलेला. क्लोरहेक्सिडीनचा डेंटिस्टने सांगितला तेवढेच दिवस, फार दिवस वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात.

डोहाळ्यांची चिंच-कैरी मी सोडली नाही, तुम्हालाही सोडा म्हणणार नाही. फक्त दिवसभर चिंचेचं बुटुक चघळत बसू नका. जेवणासोबत खा आणि वर पाणी प्या. हेच बिस्किटांचं. मळमळीसाठी मारी आणि ग्लुकोजची बिस्किटं तासातासाला खाल्ली जातात आणि त्यांचा लगदा दाढांत चिकटून बसतो. चणे-फुटाणे, शेंगदाणे, मखाणे त्यापेक्षा बरे. लोहाचं पातळ टॉनिक दिलं असेल तर स्ट्रॉने प्या, नाहीतर दात काळपट होतात. गोळ्यांनी तसं होत नाही.

५. मिश्री बंद. आजी काहीही म्हणो.

हे शहरातल्या वाचकांना जुनं वाटेल. माझ्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, आजही सकाळी परड्यात बसून मिश्री लावणाऱ्या बाया आहेत, आणि त्यातल्या काही पंचविशीच्या आहेत. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. ती दात घासायची पावडर नाही. हिरडीवर लावली की निकोटिन रक्तात जातं आणि तिथून बाळापर्यंत. बाळाचं वजन कमी भरणं, पोटातच दगावणं यांच्याशी तिचा संबंध आहे. तपकीर, गुडाखू यांचीही तीच गत.

अडचण सवयीची असते. "मिश्री लावल्याशिवाय परसाकडला होत नाही," हे मी माझ्या चुलत वहिनीच्या तोंडून ऐकलंय. तिला रागावून उपयोग नव्हता. गावातल्या आशाताईंनी (आशा म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका) तिला सकाळी कोमट पाणी आणि मऊ ब्रश या दोन गोष्टी धरायला लावल्या आणि मिश्रीची डबी सासूच्या ताब्यात दिली. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, मग सुटली. तुम्ही लावत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. सोडायचं कसं हे तेच सांगू शकतात.

६. फाईल बरोबर न्या आणि चिठ्ठी मागा

माझे आठ दिवस वाया गेले ते एका चिठ्ठीअभावी. दोन्ही डॉक्टर वाईट नव्हते. कोणी लेखी बोलायला तयार नव्हतं इतकंच. म्हणून गायनॅककडे 'दाताचं करू का?' असं मोघम विचारू नका. असं विचारा : "मला दाढेचं रूट कॅनाल सांगितलंय. लिग्नोकेनची भूल, एक-दोन एक्स-रे आणि गरज पडल्यास ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक. काही हरकत असेल तर या कागदावर लिहून द्याल का?" इतकं नेमकं विचारलं की दोन ओळी लिहून मिळतात. त्यासाठी आधी डेंटिस्टकडून 'काय करायचंय' ते लिहून घ्यावं लागतं. म्हणजे पहिली चिठ्ठी डेंटिस्टची, दुसरी गायनॅकची.

डेंटिस्टकडे जाताना पिशवीत हे असू द्या :

- गरोदरपणाची फाईल किंवा माता-बाल संरक्षण कार्ड (किती आठवडे, बीपी, वजन त्यात असतं)
- हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइडचे शेवटचे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची पाकिटं. नावं आठवत बसू नका, पाकिटंच न्या
- कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल तर तिची नोंद
- गायनॅकची चिठ्ठी आणि त्यांचा फोन नंबर
- दातांचे जुने एक्स-रे असतील तर ते

रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिनची छोटी गोळी किंवा पोटात घ्यायची इंजेक्शनं चालू असतील तर ते आवर्जून सांगा. पण दाताच्या कामासाठी ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

७. कोणत्या महिन्यात जायचं

दुसरी तिमाही सोयीची. त्यातही चौदा ते वीस आठवडे. मळमळ ओसरलेली असते आणि पोट अजून अवघड झालेलं नसतं. पण 'सोयीची' म्हणजे 'फक्त तेव्हाच' असं नाही. ठणका असेल, पू असेल, सूज असेल तर कोणताही महिना चालतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच लेखी सांगितलंय की तपासणी, पोट आणि गळा झाकून काढलेला एक्स-रे आणि स्थानिक भूल गरोदरपणात सुरक्षित आहे, आणि रूट कॅनाल किंवा दाढ काढणं गरजेचं असेल तर ते कधीही करता येतं. दात पांढरे करणं, दिसण्यासाठी कॅप बसवणं, दाढेत भरलेली जुनी चांदी उकरून काढणं ही कामं मात्र खुशाल पुढे ढकला.

विसाव्या आठवड्यानंतर खुर्चीत सपाट उताणं झोपू नका. गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडतो, बीपी उतरतं आणि गरगरतं. माझ्या डेंटिस्टबाईंनी एका टॉवेलची घट्ट गुंडाळी केली आणि उजव्या कमरेखाली सरकवली, म्हणजे अंग थोडं डाव्या कुशीला कललं. एवढीशी गोष्ट, पण पाऊण तास मी आरामात होते. तुमच्या डेंटिस्टला सुचलं नाही तर तुम्हीच मागा. सकाळी पोहे खाऊन जा, उपाशी जाऊ नका. लघवीला जाऊन मगच खुर्चीत बसा.

८. एक्स-रे, भूल, गोळ्या

दाताचा एक्स-रे म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या जागेवर क्षणभर पडणारा किरण. आता बहुतेक ठिकाणी आरव्हीजी असतं, चित्र थेट कॉम्प्युटरवर दिसतं आणि किरण आणखी कमी लागतात. शिशाचा एप्रन मागून घ्या. एक्स-रेविना अंदाजाने दाढ कोरणं त्यापेक्षा वाईट.

भुलेचं इंजेक्शन चालतं. ते टाळून दुखणं सहन करण्यात काही शौर्य नाही. बीपी जास्त असेल तर तेवढं आधी सांगा.

खरा सापळा गोळ्यांचा आहे. मेडिकलवाला दाढ दुखते म्हटल्यावर जी गोळी काढून देतो, तिच्यात पुष्कळदा पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असतं. ही औषधं गरोदरपणात मनाने घ्यायची नाहीत. वीस आठवड्यांनंतर बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २०२० साली दिला. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीलाही धोका असतो. पाकीट उलटं करून घटक वाचा. नुसतं पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

अँटिबायोटिकमध्ये ॲमॉक्सिसिलिन सहसा देतात. टेट्रासायक्लीन आणि डॉक्सिसायक्लीन नको, त्यांनी बाळाच्या दुधाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. घरात उरलेली पट्टी शोधू नका. आणि गोळ्यांनी ठणका थांबला म्हणून दाढ बरी झाली असंही नाही, कीड आत तशीच असते.

लवंगेचं तेल? कापसावर एक थेंब, तोही दाढेच्या खड्ड्यात. मी बोटाने चोळलं आणि हिरडी भाजून दोन दिवस तिखट खाता आलं नाही.

९. माहेरी जायच्या आधी दाढ पुरी करा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलतं, डॉक्टर बदलतात आणि इथे रूट कॅनाल अर्धवट राहतं. तात्पुरतं सिमेंट काही आठवडेच टिकतं. माझं ते डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी, डिंकाच्या लाडवाने निघालं. डेंटिस्टला पहिल्याच दिवशी सांगा की अमुक तारखेला मी जाणार. त्याआधी पक्कं भरून घ्या. कॅप राहिली तरी चालेल, फक्त त्या बाजूने कडक काही चावू नका. एक्स-रेचा फोटो आणि काय केलं त्याची चिठ्ठी मोबाइलमध्ये ठेवा.

१०. खर्च झेपत नसेल तर

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथे तोंड उघडून दात कोणी आपणहून बघेलच असं नाही. तुम्हीच सांगा आणि दंतविभागाला चिठ्ठी मागा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. खाजगीच्या मानाने खर्च खूपच कमी, पण वेळ लागतो. सकाळी लवकर केसपेपर काढा, सोबत कोणालातरी न्या आणि गरोदर असल्याचं खिडकीवरच सांगा.

११. ही लक्षणं असतील तर उद्यावर टाकू नका

गाल किंवा जबड्याखाली सूज येऊन ती पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होत असेल तर छोट्या क्लिनिकच्या वेळेची वाट बघू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा, रात्र असली तरी.

जाता जाता एक. हिरड्यांचा जुनाट आजार आणि वेळेआधी बाळंत होणं यांच्यात संबंध दिसून आलाय. त्यावरून 'क्लीनिंग केलं की बाळ वेळेवर येणार' असं कोणी सांगत असेल तर तेवढं सिद्ध झालेलं नाही. आणि दात आधी दाखवले नाहीत म्हणून स्वतःला बोल लावत बसायचंही कारण नाही.

१२. बाळ झाल्यावर

सव्वा महिना कोण कुठे जातंय. पण त्या दिवसांत हळिवाचे, डिंकाचे लाडू आणि शिरा अपरात्रीसुद्धा खाल्ला जातो, आणि 'बाळंतिणीने दातांना ब्रश लावू नये, दात ढिले असतात' असं सांगणारी एक तरी बाई घरात असते. ब्रश करा. गार पाणी नको तर कोमट घ्या. अंगावर पाजत असताना दाताचे उपचार आणि भूल चालते, गोळी लिहिताना फक्त पाजते आहे हे सांगा. माझी कॅप लेक तीन महिन्यांची असताना बसली. आई बाळाला घेऊन बाहेर बाकावर, आणि मी आत एक कान दाराकडे लावून.

दात किडवणारे जंतू आपल्या लाळेतून बाळाच्या तोंडात जातात. म्हणून वरण-भात गार झालाय का हे आपल्या तोंडात घालून बघायचं आणि तोच चमचा बाळाला द्यायचा, हे बंद. आमच्याकडे आता दोन चमचे असतात. चाखायचा स्टीलचा, लेकीचा निळा. आजी तरी पहिल्या घासाला हमखास चुकते.